पैसे वाढले म्हणून येऊ नकोस

कुडाळच्या मेडिकलमधून तू विचारलंस, "ताई, इंग्लंडमध्ये सरकारनं फार्मसींचे पैसे वाढवले म्हणे. आता बायको-मुलाला घेऊन यायला हरकत नाही ना?" तीन दिवस झाले, हा प्रश्न डोक्यातून जात नाही.

ओस्पॅपचं, म्हणजे परदेशी फार्मासिस्टसाठीच्या कोर्सचं वर्ष, नंतरचं ट्रेनिंग, रजिस्ट्रेशनची परीक्षा हे जीपीएचसीच्या, म्हणजे इथल्या फार्मसी कौन्सिलच्या वेबसाइटवर आहे, तिथे वाच.

पैसे वाढले हे खरं. २०२५-२६ साठी ३.०७३ अब्ज पौंड. पण २०१९ पासून पाच वर्षं तो आकडा वर्षाला २.५९२ अब्जांवरच ठेवला होता आणि त्या काळात महागाई कुठच्या कुठे गेली. आपल्याकडे एमआरपीवर मार्जिन सुटतं. इथे चिठ्ठीवरच्या दर आयटममागे सरकार ठरावीक फी देतं, आधी १.२७ पौंड, एप्रिल २०२५ पासून १.४६. औषधाचे पैसे सरकारी दरपत्रकाप्रमाणे मिळतात. होलसेलरनं जास्त लावले तर फरक बऱ्याचदा दुकान सोसतं. माफी नसलेला पेशंट काउंटरवर दर आयटमला ९.९० पौंड देतो, तेही आपले नव्हेत, सरकार ते पेमेंटमधून वळते करून घेतं.

फार्मसी फर्स्टचं काम मात्र मला मनापासून आवडतं. जानेवारी २०२४ पासून घसा, कान अशा सात आजारांवर आम्हीच तपासून औषध देतो. एका आजींच्या बरगडीवर नागीण उठली होती. आतल्या खोलीत नेऊन बघितलं आणि त्याच दुपारी गोळ्या चालू केल्या. याचे दुकानाला सतरा पौंड मिळतात. त्या पंधरा मिनिटांत बाहेर चिठ्ठ्यांचा ढीग होतो, तो उपसायला माणूस नसतो.

२०२३ मध्ये मालकानं आमचं दुकान बंद केलं. व्हिसा स्पॉन्सरशी, म्हणजे नोकरी देणाऱ्या मालकाशी बांधलेला. नोकरी गेली की नवा स्पॉन्सर शोधायला साठ दिवस. मिळाला तो दुसऱ्या गावात, शाळेचं वर्ष अर्ध्यावर असताना. जवळच्या शाळेत जागा नाही, मुलगा पाच आठवडे घरी. मग दोन बस बदलून जायची शाळा मिळाली. तिथे पहिल्याच आठवड्यात त्याला इंग्रजी कच्चं असलेल्या मुलांत बसवलं. पोरगा झोपेतसुद्धा इंग्रजी बोलायचा! नाव बघून बसवलं, दुसरं काय. मी दोन पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर नाही. तेव्हापासून तो घरात मालवणी बोलत नाही. मी विचारते, तो इंग्रजीत उत्तर देतो. हे मला अजून गिळता आलेलं नाही.

एकटेपणाचं विचारलंस. कामात दिवस जातो.

ऑफर आली की पगाराआधी तीन गोष्टी विचार. महिन्याला किती आयटम होतात, हाताखाली किती माणसं आहेत, मालकानं गेल्या दोन वर्षांत किती दुकानं बंद केली. आणि मुलाची शाळा सुरू व्हायच्या वेळीच ये, मध्येच नको.

त्या साठ दिवसांत बाबांचा मालवणहून फोन आला होता. "बाय, मेडिकल चालू आसा. तू ये." मी गेले नाही. नवऱ्याला सांगितलं, मुलाच्या शाळेसाठी थांबू. पुढच्या वर्षी बाबांनी गाळा भाड्यानं दिला, तिथे आता मोबाईलचं दुकान आहे.

महाराष्ट्रातलं फार्मसी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन मी अजून रिन्यू करते. तुझंही चालू ठेव.