आधी जुन्या पॉलिसीचा हप्ता भरा

प्रश्न : मी ४७ वर्षांचा, सांगलीत एका खासगी कारखान्यात सुपरवायझर आहे. हातात ६२ हजार येतात. पत्नी (४३) खासगी शाळेत शिक्षिका, पगार २४ हजार. मुलगी १७ वर्षांची, बारावी सायन्सला, मुलगा आठवीत. गृहकर्जाचा हप्ता चालू आहे. मुलगी खो-खो खेळते. सरावात गुडघा दुखावला म्हणून तीन आठवडे पाय प्लॅस्टरमध्ये होता. प्लॅस्टर काढल्यावर पोटरी सुजली. पाय बरेच दिवस हलला नाही म्हणून असेल, असं आम्हाला वाटलं. चौथ्या दिवशी जिना चढताना तिला दम लागला, छातीत दुखू लागलं. मांडीच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती आणि तिचा तुकडा फुप्फुसात गेला होता. नऊ दिवस दवाखान्यात, त्यातले चार आयसीयूत. घरी येऊन पाच आठवडे झाले. बिल ४.६५ लाख. मेडिक्लेम ३ लाखांचा, नऊ वर्षं न चुकता भरलेला, त्यातून २.५५ लाख मिळाले. बाकीच्यासाठी ११ टक्क्यांनी दीड लाखाचं गोल्ड लोन घेतलं, ६० हजार मेहुण्यांनी दिले. पीपीएफमध्ये ७.४ लाख आहेत (खातं २०१३-१४ चं). ते मोडून गोल्ड लोन फेडू का?

मावसभावाचे मित्र एजंट आहेत. त्यांच्या सांगण्यावरून जुना मेडिक्लेम सोडून २५ लाखांचा नवा घेतोय, हप्ता ३८ हजार. शिवाय मुलीच्या नावाने वर्षाला एक लाखाची, दहा वर्षं भरायची बचत पॉलिसी; विसाव्या वर्षी जवळजवळ दुप्पट मिळतील, असं एजंटच्या कागदावर आहे. एफडी मोडून दोन्हींचे चेक दिले, फॉर्मवर सह्या केल्या. मुलगी बरी झाली आहे, आजाराचं लिहायची गरज नाही, असं ते म्हणाले. जुन्या पॉलिसीची मुदत १८ दिवसांनी संपते. पत्नी नोकरी सोडून मुलीजवळ राहायचं म्हणते. रात्री दोन-तीनदा उठून ती मुलीचा श्वास चालू आहे का बघते.

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमचं पत्र वाचल्या वाचल्या तुम्हाला ई-मेलवर एकच ओळ पाठवली : आज, आत्ता, जुन्या मेडिक्लेमचा हप्ता भरा. पीपीएफ, सोनं, बाकी सगळं नंतर बोलू.

त्याचं कारण आता सविस्तर सांगतो. तुमच्या घरात आज सगळ्यात मौल्यवान वस्तू कोणती, असं मला विचाराल तर मी पीपीएफ किंवा गहाण पडलेलं सोनं म्हणणार नाही. नऊ वर्षं खंड न पडलेली ती ३ लाखांची पॉलिसी म्हणेन. लेकीची गुठळी या पॉलिसीच्या चालू काळात झाली आणि कंपनीने उपचाराचे पैसेही दिले. मोठा दावा केला म्हणून कंपनीला नूतनीकरण नाकारता येत नाही, आणि केवळ त्या दाव्यापोटी तुमचा हप्ता वेगळा वाढवताही येत नाही. गुठळी पुन्हा झाली, देव करो न होवो, तर या पॉलिसीला ‘आजार आधीपासूनचा आहे’ म्हणता येणार नाही. सध्याच्या वर्षात तुमच्या ३ लाखांपैकी फक्त ४५ हजार उरलेत. नूतनीकरणाच्या दिवशी ते पुन्हा ३ लाख होतील. आणि तुम्ही नेमकी तीच तारीख सोडून द्यायला निघाला आहात. मुदतीनंतर सवलतीचे ३० दिवस असतात हे खरं, पण वार्षिक हप्ता असेल तर त्या दिवसांत दवाखान्यात जावं लागल्यास पैसे मिळत नाहीत. तेव्हा त्या ३० दिवसांच्या भरवशावर राहू नका.

आता नवी पॉलिसी. ‘मुलगी बरी झाली, लिहू नका’ हा सल्ला ज्यांनी दिला, त्यांनी तुमचं मोठं नुकसान करून ठेवलं असतं. मी हे सौम्य करून सांगणार नाही. फॉर्ममध्ये ‘बरी आहे का’ एवढाच प्रश्न नसतो. पूर्वी कोणता आजार झाला, दवाखान्यात दाखल केलं होतं का, सध्या कोणती औषधं चालू आहेत, हे विचारलेलं असतं. तुमची लेक आज रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेतेय. तिथे ‘नाही’वर खूण असेल आणि खाली तुमची सही असेल, तर खोटं बोलल्याची जबाबदारी तुमची. एजंटचं नाव त्या वादात कुठेच येणार नाही. पहिले ६० महिने सलग हप्ते भरेपर्यंत माहिती लपवल्याच्या कारणावरून कंपनी दावा नाकारू शकते, पॉलिसीही रद्द करू शकते. आणि पॉलिसी रद्द झाली की चौघांचीच होते. मुलाचं अपेंडिक्स असो, तुमचं हृदय असो, सगळं उघड्यावर. ६० महिन्यांनंतरही फसवणूक सिद्ध झाली तर संरक्षण नाही.

यात पैशापलीकडचं एक आहे आणि मला तेच जास्त टोचतं. ज्या मुलीला एकदा गुठळी होऊन गेली, तिने ते प्रत्येक डॉक्टरला आयुष्यभर सांगायला हवं. दात काढायचा असो, ऑपरेशन असो, पाळीच्या तक्रारीसाठी हार्मोनच्या गोळ्या असोत, पुढे बाळंतपण असो, ‘आधी कधी रक्ताची गुठळी झाली होती का?’ या प्रश्नावर उपचार बदलतो. हार्मोनच्या काही गोळ्यांनी गुठळीचा धोका वाढतो, आणि रक्त पातळ असताना दात काढायचा तर डॉक्टरांना आधी माहीत हवं. ज्या घरात विम्याच्या कागदावर हा आजार लपवला आहे, त्या घरातली मुलगी केसपेपरवर तो सांगताना एक क्षण अडखळणारच. ‘पप्पा म्हणाले होते बोलू नको.’ तो एक क्षणही तिच्या वाट्याला यायला नको.

म्हणून उद्याच्या उद्या दोन्ही कंपन्यांना ई-मेल आणि लेखी पत्र पाठवा : मी प्रस्ताव मागे घेत आहे, भरलेली रक्कम परत करावी. पॉलिसी आधीच निघाली असेल तरी घाबरू नका. कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी केली असेल तर तिचा खर्च आणि गेलेल्या दिवसांचा विमाखर्च वजा होऊन बाकी पैसे मिळतात. एजंटमार्फत काही पाठवू नका, थेट कंपनीला पाठवा आणि पोच ठेवा. टाळाटाळ झाली तर विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार नोंदवा, पुढे पुण्यात विमा लोकपालांचं कार्यालय आहे. मावसभावाला वाईट वाटेल. वाटू दे.

३ लाखांचं छत्र अपुरं आहे, हे मात्र एजंटचं खरं आहे. त्याचा मार्ग जुनी पॉलिसी टाकणं नव्हे. तिच्यावर ३ लाखांच्या पुढचा सुपर टॉप-अप (वर्षाचा दवाखान्याचा खर्च ३ लाखांपुढे गेला की वरचा भाग देणारी पॉलिसी) घ्या, सगळं खरं लिहून. माझ्या अंदाजाने वर्षाला आठ-दहा हजारांत पंधरा-वीस लाखांचं छत्र चौघांना मिळू शकतं. लेकीला आत्ता घेणार नाहीत, ‘उपचार संपू द्या’ म्हणतील, ही शक्यता धरून चाला. तसं झालं तर तिघांचा घ्या आणि तिच्या डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्यावर पुन्हा अर्ज करा. तुमच्या कारखान्यात ग्रुप मेडिक्लेम आहे का, हे पत्रात नाही. असेल तर एचआरकडे जाऊन बायको-मुलांची नावं त्यात आहेत की नाहीत ते पाहा. ग्रुप पॉलिसीत बहुधा आधीचे आजार पहिल्या दिवसापासून धरतात. पॉलिसी दुसऱ्या कंपनीत पोर्ट करायची, म्हणजे जुन्या वर्षांचे फायदे ठेवून हलवायची असेल तर पुढच्या वर्षी, मुदत संपायच्या दोन महिने आधी हालचाल करा. १८ दिवसांत तो खेळ खेळू नका.

उरलेल्या त्या ४५ हजारांतलेही काही पैसे तुमची वाट बघतायत. बहुतेक मेडिक्लेम दवाखान्यातून घरी आल्यानंतरच्या ६० दिवसांचा आणि दाखल होण्याआधीच्या ३० दिवसांचा संबंधित खर्च देतात. तुमचे पाच आठवडे झालेत, म्हणजे अजून साधारण २५ दिवस आहेत. आधीचा डॉप्लर (शिरांची सोनोग्राफी), रक्ताच्या तपासण्या, गोळ्या, फेरतपासणीची फी, सगळ्या पावत्या आणि चिठ्ठ्या एका फाइलीत लावा आणि पॉलिसीत दिलेल्या मुदतीत दावा करा. महिन्याला साडेतीन-चार हजारांचा खर्च आणि आधीच्या तपासण्या धरल्या तरी पंधरा-वीस हजार सहज परत मिळतील. मूळ दाव्यात ४५ हजार का उरले तेही सेटलमेंटच्या पत्रात पाहा. बहुधा खोलीभाड्याची मर्यादा असेल. रोज ३ हजारांची मर्यादा असताना ५ हजारांची खोली घेतली की डॉक्टरांच्या भेटीपासून बऱ्याच खर्चांना त्याच प्रमाणात कात्री लागते. पुढच्या वेळी मर्यादेतलीच खोली मागा. आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता पांढऱ्या रेशनकार्डालाही लागू आहे, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत. योजनेतल्या रुग्णालयात गेलात तर दारातच आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) विचारा, हा उपचार यादीत बसतो का.

बचत पॉलिसीचं गणित दोन मिनिटांचं आहे. वर्षाला एक लाख, दहा वर्षं. विसाव्या वर्षी साधारण साडेएकोणीस लाख, असं एजंटच्या कागदावर आहे. ‘जवळजवळ दुप्पट’ म्हणून तुम्ही खूश झालात. हा परतावा साडेचार टक्क्यांच्याही आत आहे. हेच पैसे पीपीएफमध्ये आजच्या ७.१ टक्क्यांनी ठेवले तर विसाव्या वर्षी २९ लाखांच्या पुढे जातात. म्हणजे दहा लाखांचा फरक. आणि तुम्ही ११ टक्क्यांचं सोन्याचं कर्ज डोक्यावर ठेवून, एफडी मोडून साडेचार टक्क्यांची वस्तू घेतलीत. ‘मुलीच्या उपचारासाठी’ म्हणाल, तर तिचा उपचार या महिन्यात चालू आहे. ती ३७ वर्षांची झाल्यावर येणारे पैसे आजच्या गोळ्यांना कसे पुरणार?

त्यातही विमा कुणाच्या जिवाचा? लेकीच्या. तिच्या कमाईवर घरात कुणीही अवलंबून नाही. तुमच्या पगारावर चौघं अवलंबून आहेत, गृहकर्ज आहे, आणि तुमच्या नावावर शुद्ध मुदत विमा (टर्म इन्शुरन्स) असल्याचा उल्लेख पत्रात कुठे नाही. नसेल तर एक कोटीचा घ्या. तंबाखू नसेल तर या वयात वर्षाला २५-३० हजारांच्या आसपास येईल. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेवढी ही रक्कम हलकी झाली आहे. डॉक्टरांनी घरातल्यांच्या आनुवंशिक तपासण्या सांगितल्या असतील आणि फॉर्ममध्ये तसं विचारलं असेल, तर तेही खरं लिहा.

आता तुमचा मूळ प्रश्न. पीपीएफ मोडायची गरजच नाही. पूर्ण बंद केलंत तर गंभीर आजाराचं कारण असूनही सुरुवातीपासूनच्या व्याजात एक टक्का कपात होते. तुमच्या खात्याला इतकी वर्षं झालीत की अंशतः रक्कम काढता येते; चार वर्षांपूर्वीच्या शिलकीच्या निम्मी, म्हणजे दोन लाखांच्या आसपास. त्यातले दीड लाख काढून गोल्ड लोन फेडा, दागिने घरी आणा. खरं सांगायचं तर ११ टक्के आणि ७.१ टक्के यांतला फरक वर्षाला सहा हजारांचाच आहे. तुमची झोप ज्यावर उडाली होती तो प्रश्न सहा हजारांचा, आणि जो विचारलाच नाहीत तो काही लाखांचा. दोन्ही चेकचे परत येणारे १.३८ लाख पुन्हा एफडीत ठेवा. तो तुमचा अडीअडचणीचा पैसा, त्याला हात लावायचा नाही. मेहुण्यांना महिन्याला पाच हजार द्या, वर्षात फिटतील.

राहता राहिल्या वहिनी. गृहकर्जाचा हप्ता, घरखर्च, क्लास, गोळ्या मिळून तुमचा खर्च महिन्याला ७२ हजारांच्या घरात असेल असं धरतो. दोन पगार मिळून ८६. नोकरी सोडली तर ६२ हजारांत ७२ भागवायचे, म्हणजे दरमहा दहा हजारांचा खड्डा. तरीही ‘सोडू नका’ असं मी फक्त आकड्यांवर म्हणणार नाही. रात्री दोन वाजता पोरीच्या नाकाशी हात धरून उभी असलेली आई मी जवळून पाहिली आहे. माझ्या भाचीला असंच झालं तेव्हा माझी बहीण दीड महिना तिच्या खोलीत जमिनीवर अंथरूण टाकून झोपली. कालनिर्णयच्या पानावर सकाळ-संध्याकाळच्या गोळीची लाल टिंबं असायची. एखादं टिंब राहिलं की घरात कुणी जेवायचं नाही. अशा आईला शाळेत लक्ष लागणार नाही, हे मी समजू शकतो.

पण राजीनामा कायमचा असतो आणि ही गरज काही महिन्यांची आहे. गोळ्या निदान तीन महिने असतात, किती लांबवायच्या ते डॉक्टर ठरवतील. शाळेकडे तीन महिन्यांची बिनपगारी रजा मागा. ७२ हजारांची मिळकत बुडेल, ती तुम्हाला झेपेल. त्या काळात पहिले दोन महिने मेहुण्यांचे पैसे थांबवा, ते समजून घेतील. शाळेने रजा नाकारली तर सकाळच्या सत्राची अर्धवेळ नोकरी विचारा. तुम्ही स्वतः दुपारपाळी घेऊन सकाळी घरी राहू शकाल का, तेही बघा. औषधाची वेळ पाळायला आणि कॉलनीत चार फेऱ्या मारताना सोबत करायला आईच हवी असं नाही. आठवीतल्या भावाला लाल टिंबांचं काम द्या. माझ्या भाच्याने ते मनापासून केलं होतं.

आणि पुढच्या फेरतपासणीला वहिनींना सोबत न्या. कोणती लक्षणं दिसली की रात्री-बेरात्री दवाखाना गाठायचा आणि कशाची काळजी करायची नाही, हे त्यांनी स्वतःच्या कानांनी डॉक्टरांकडून ऐकू दे, हवं तर वहीत लिहून घेऊ दे.

हप्ता भरलात की पावती मला पाठवा. पॉलिसीवर चौघांची नावं आणि जन्मतारखा बरोबर आहेत ना, तेही त्याच वेळी बघून घ्या.