काडतुसं घरी भरायची आहेत, सुरुवात कशी करू? एकदम प्रोग्रेसिव्ह प्रेस घेतलं तर चालेल का? आणि यात पैसे खरंच वाचतात का?

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न आहेत: सुरुवात कशी करायची, थेट प्रोग्रेसिव्ह प्रेस (काडतुसं भरायचं यंत्र) घ्यावं का, आणि यात पैसे खरंच वाचतात का. पैशांचं शेवटी बोलू.

त्याआधी कायदा. तुम्ही राहता तिथे घरी काडतुसं भरायला परवानगी आहे का आणि शस्त्र परवान्याखेरीज आणखी काही कागद लागतात का, ते अधिकृतपणे विचारून घ्या. काही देशांत हा सर्रास चालणारा छंद आहे, काही ठिकाणी सरळ गुन्हा. नेमबाजीच्या रेंजवर कोणीतरी ‘चालतं हो’ म्हणालं, एवढ्यावर जाऊ नका.

आता प्रेस. प्रोग्रेसिव्ह नको, निदान आत्ता तरी नको. त्यात दांडा एकदा खाली ओढला की चार-पाच पुंगळ्यांवर (काडतुसाच्या रिकाम्या कवचांवर) चार-पाच वेगवेगळी कामं एकदम होतात. एकीतून जुना प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी छोटी टोपी) निघतो, दुसरीत पावडर म्हणजे दारू पडते, तिसरीवर गोळी बसते. नवख्या माणसाची नजर यातल्या एकाच ठिकाणी असते, आणि चूक नेमकी दुसरीकडे होते. सिंगल स्टेज प्रेस हळू चालतं, पण त्यात एका वेळी एकच काम होतं आणि प्रत्येक पुंगळी दर टप्प्यावर हातातून जाते. पुढे मोठं प्रेस घेतलं तरी हे अडगळीत जात नाही.

खरं तर प्रेसचा विचार मागाहून करा, आधी पुस्तक आणि वजनकाटा घ्या. पुस्तक म्हणजे लोडिंग मॅन्युअल, शक्यतो दोन: एक गोळी बनवणाऱ्या कंपनीचं, एक पावडर बनवणाऱ्या कंपनीचं. त्यात गोळी आणि पावडरीच्या प्रत्येक जोडीसाठी पावडरीचं सुरुवातीचं आणि कमाल वजन दिलेलं असतं. सुरुवातीच्या आकड्यापासून निघायचं आणि थोडं थोडं वर जायचं. ‘मग आणखी कमी भरलं तर जास्त सुरक्षित’ असंही समजू नका, काही पावडरी ठरावीक वजनाच्या खाली नीट जळत नाहीत. इंटरनेटवर कोणी सांगितलेला आकडा मॅन्युअलमध्ये सापडला नाही तर तो सोडून द्या. म्हणूनच किती पावडर भरायची याचा एकही आकडा मीही इथे देत नाही.

वजन ग्रेनमध्ये मोजतात. 1 ग्रेन म्हणजे जेमतेम 65 मिलिग्रॅम, त्यामुळे काटा 0.1 ग्रेनपर्यंत दाखवणारा हवा आणि तो तपासायला प्रमाणित वजनंही हवीत. वजन करताना पंखा बंद. वाऱ्याच्या झुळकेनेही आकडा हलतो आणि आपण उगाच पावडर घालत-काढत बसतो.

सगळ्यात जास्त भीती बाळगायची ती एकाच पुंगळीत दोनदा पावडर पडण्याची. .38 स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाचं उदाहरण घ्या. ही पुंगळी काळ्या दारूच्या काळातली, म्हणून ऐसपैस. आजची जलद जळणारी पावडर तिच्या तळाशी चिमूटभर बसते आणि दुप्पट पडली तरी वरून काही कळत नाही. यावर उपाय म्हणजे मॅन्युअलमधली अशी पावडर निवडायची, जी पुंगळी अर्ध्याहून जास्त भरते. मग दोनदा पडली की ती सांडतेच. याशिवाय, गोळ्या बसवण्याआधी सगळ्या पुंगळ्या लोडिंग ब्लॉकमध्ये (खाचांच्या ठोकळ्यात) उभ्या करून वरून टॉर्च मारा. सगळ्यांत पावडरीची पातळी सारखी दिसली पाहिजे. एखादी जास्त भरलेली किंवा रिकामी असली तर लगेच डोळ्यांत भरते. हे काम मी कधीच टाळत नाही, कितीही कंटाळा आला तरी.

उलटी चूक म्हणजे पावडर पडलीच नाही. मग नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत शिरते आणि तिथेच अडकते. आवाज फुसका येतो, धक्का जाणवत नाही. अशा वेळी पुढची गोळी झाडायची नाही. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला धरून थोडं थांबा, बंदूक रिकामी करा आणि नळी तपासा. अडकलेल्या गोळीवर दुसरी झाडली तर नळी फुटू शकते.

पुंगळ्या निवडताना पितळेच्या, बॉक्सर प्रायमरच्या घ्या, म्हणजे आत मधोमध एकच छिद्र असलेल्या. बर्डन या दुसऱ्या प्रकारात सहसा दोन छिद्रं असतात आणि नेहमीची डाय (प्रेसमध्ये बसणारा साचा) वापरून तिचा प्रायमर काढायला गेलात तर पिन मोडते. तोंडाशी चीर असेल तर पुंगळी बाद. रायफलच्या पुंगळीला बुडाच्या थोडं वर चकचकीत कडं दिसलं तर पेपरक्लिपचं टोक वाकवून आतल्या बाजूने फिरवा. टोक खाचेत अडकल्यासारखं वाटलं तर तिथे धातू पातळ झालाय, तीही बाद. बाटलीसारखी निमुळती मान असलेल्या पुंगळ्यांना डायमध्ये घालण्याआधी वंगण लावायचंच, नाहीतर ती आत अशी रुतते की सगळा दिवस त्यातच जातो.

प्रायमरला पावडरीपेक्षा जास्त जपा. पावडर उघड्यावर भडकून जळते, प्रायमर मात्र आघाताने फुटतो. तो मूळ पाकिटातच ठेवायचा, बरणीत सुटे ओतून कधीच नाही. काम करताना डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवा. बसवल्यावर बोट फिरवून बघा, प्रायमर पुंगळीच्या पृष्ठभागापेक्षा किंचित खाली लागला पाहिजे. टेबलावर एका वेळी एकाच पावडरीचा डबा ठेवा, आणि उठताना मापातली उरलेली पावडर त्याच डब्यात परत. लेबल नसलेली पावडर रंगरूपावरून ओळखता येत नाही, ती वापरायची नाही. जुन्या प्रायमरच्या काजळीत शिसं असतं, त्यामुळे त्या टेबलावर चहासुद्धा नको, आणि नंतर हात साबणाने धुवायचे.

राहिले पैसे. काडतुसात बहुधा पुंगळीच सगळ्यात महाग आणि तीच पुन्हा वापरता येते, म्हणून मोठ्या कॅलिबरच्या किंवा स्पर्धेच्या दर्जाच्या काडतुसांत चांगली बचत होते. साध्या 9 मिमी पिस्तुलाच्या काडतुसांत फारसं हाती लागत नाही. त्यात बहुतेक जण वाचलेल्या पैशांत आणखी काडतुसं झाडतात. आणि तुम्ही फक्त .22 रिमफायर वापरत असाल तर यातलं काहीच घेऊ नका, कारण तिचं प्रायमरचं मिश्रण पुंगळीच्या काठातच भरलेलं असतं आणि ती पुन्हा भरण्याजोगी नसते.