रोज प्रार्थना करूनही राग सुटत नाही. माझा विश्वास कमी पडतोय का?

तुम्ही ऐरोलीचे, मी ठाण्यातला, म्हणजे शेजारीच. मुलाच्या अभ्यासावरून आवाज चढतो, कधी हातही उठतो, मग रात्री गुडघे टेकून रडता आणि आठवडा सरायच्या आत पुन्हा तेच, असं तुम्ही लिहिलंय. त्यावर मंडळीतलं, म्हणजे आपल्या चर्चमधलं, कुणीतरी म्हणालं, विश्वास पक्का असता तर एव्हाना राग गेला असता. हे आधी डोक्यातून काढून टाका.

येशूच्या शिष्याचं, पेत्राचंच बघा. माणसांना घाबरून त्याने प्रभूला तीनदा नाकारलं, हे संडे स्कूलच्या पोरांनाही पाठ असतं. पुढचं फारसं कुणी सांगत नाही. पुनरुत्थान झालं, पेंटेकॉस्टला शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला, पेत्र मंडळीचा आधारस्तंभ झाला, आणि त्यानंतर अंत्युखियात याकोबाकडची यहूदी माणसं आल्यावर, ती काय म्हणतील या धाकाने, तो परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, बांधवांच्या पंगतीतून बाजूला झाला. जुनीच भीती! प्रेषित पौलाने तोंडावर सुनावलं (गलती 2), पण तुझा विश्वासच खोटा, असं नाही म्हटलं. खुद्द पौलाच्या देहातला काटा, म्हणजे त्याला छळणारं दुखणं, तोही देवाला तीनदा विनवून निघाला नाही. माझी कृपा तुला पुरे, एवढंच उत्तर मिळालं. आपल्याकडे 1895 साली बाप्तिस्मा घेतलेले कवी ना. वा. टिळक किती तापट होते, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त कुठे लपवलंय? त्यांचीच गीतं आपण उपासनेत गातो.

मात्र मुलावरचा हात आजपासून थांबलाच पाहिजे. तिथे कृपेची सबब चालणार नाही.

देवावर भिस्त ठेवणं म्हणजे काय, ते मी वडिलांकडे पाहून थोडंफार शिकलो. तेही भडकू. डोकं तापलं की चपला घालून "तलावपाळीला जाऊन येतो" म्हणत बाहेर पडायचे. परत आले की आईची माफी मागायचे, आमच्यादेखत, मोठ्याने. भांडणही आमच्यादेखतच झालेलं असायचं ना! एका रविवारी प्रभुभोजनाला सगळे पुढे गेले, हे बाकावरच बसून राहिले. कळव्याच्या काकांशी बोलणं तुटलं होतं. अर्पण वेदीपाशी ठेव, आधी भावाशी समेट कर, हे मत्तय 5 मधलं त्यांनी अगदी शब्दशः घेतलं. उपासना सुटल्यावर घरी न येता थेट कळवा गाठलं. राग त्यांच्यात शेवटपर्यंत होता, घरात त्याची दहशत मात्र राहिली नाही.

तुमची प्रार्थना सगळं होऊन गेल्यावर होते. ती अभ्यासाला बसण्याआधी करा, मुलाला शेजारी घेऊन. मला राग आवरत नाही, प्रभू मला सांभाळ, हे त्याच्या कानावर पडू द्या. काही दिवस गणित दुसऱ्या कुणाकडे सोपवता आलं तर उत्तमच. पाळकसाहेबांशी बोला, आणि समुपदेशकाशीही. "ठाण्याला पाठवा" हा विनोद आम्ही ठाणेकर जन्मभर ऐकतोय, त्याने आमचं काही बिघडलेलं नाही. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. तापाला गोळी घेताना आपला विश्वास डळमळत नाही, मग इथेच का अडायचं?

आणि मुलाची माफी अजून मागितली नसेल, तर बाकीची उत्तरं नंतर वाचा.