टीमचा ग्रुप आहे आणि त्यात मीच नाही

पत्र, थोडं छोटं करून:

मावशी, मी नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीत आहे, दीड वर्षापासून टीम लीडर, हाताखाली आठ जण. मीटिंगमध्ये कोणी बोलतच नाही, काही विचारलं की "येस मॅम", संपलं. मागच्या महिन्यात एका मुलाच्या हातून क्लायंटला चुकीचा रिपोर्ट गेला, दोन दिवस सगळ्या टीमला माहीत होतं, मला क्लायंटचा फोन आला तेव्हा कळलं. मी त्याला सगळ्यांसमोर खूप बोलले. मग समजलं की मला सोडून त्यांचा वेगळा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. घरी येऊन रडले. वरून प्रेशर एवढं की काम संपवायची शुक्रवारची तारीख मीच कोणाला न विचारता देऊन बसते आणि मग रात्री अकराला मेसेज टाकत राहते. एचआरवाले म्हणतात खिंडसी तलावावर पिकनिक काढा, सगळं ठीक होईल. होईल का?
– मनीषनगरची एक वाचक

अगं पोरी, आधी तो ग्रुप डोक्यातून काढ. मला ॲड करा म्हणू नको, त्यात काय लिहितात ते कोणाकडून काढूनही घेऊ नको, तू घुसलीस तर ते दुसरा बनवतील, दोन मिनिटांचं काम आहे. साहेबाला सोडून लोक बोलतातच, आमच्या वेळेस चहाच्या टपरीवर बोलायचे, आता मोबाइलवर बोलतात. मला काळजी वाटून राहिली ती त्या दोन दिवसांची. आठही जणांना माहीत होतं आणि एकालाही वाटलं नाही की जाऊन मॅडमना सांगावं.

का वाटलं नाही ते मला चांगलं माहीत आहे, कारण मी हे केलेलं आहे. बँकेत होते मी, विदर्भातल्याच एका गावात ब्रांच सांभाळायची. कॅश काउंटरवर नवीन मुलगी आली होती. एका संध्याकाळी कॅश टॅली होईना, दोन हजार शॉर्ट, आणि मी हॉलमध्ये, दोन-तीन कस्टमर उभे असताना तिला म्हटलं, लक्ष कुठे असतं तुझं? त्यानंतर चार महिने तिची कॅश रोज बरोबर. मला वाटलं बोलल्याचा फायदा झाला. मग आमच्या दफ्तरीने, म्हणजे फायली सांभाळणाऱ्या शिपायाने, एक दिवस हळूच सांगितलं, मॅडम, कमी पडले की ती पोरगी पर्समधून टाकते, कधी शंभर, कधी पाचशे, एकदा तर माझ्याकडून उसने घेऊन टाकले. आणि जास्त निघाले तर तेही सांगायची नाही, ड्रॉवरच्या कोपऱ्यात एक खाकी लिफाफा होता त्यात ठेवायची, वर पेन्सिलने बारीक अक्षरात तारखा, कधी किती जास्त आले, कधी किती स्वतःचे टाकले. तो लिफाफा हातात घेतला आणि मला खुर्चीत बसावं लागलं. एवढ्या पगारात ती पोरगी माझ्या आवाजाची किंमत भरत होती.

पुढे रिटायर झाल्यावर वाचनात आलं, अमेरिकेत एमी एडमंडसन नावाच्या बाईंनी १९९० च्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीम्सचा अभ्यास केला, औषधं देताना होणाऱ्या चुकांचा. त्यांना वाटलं होतं चांगल्या टीममध्ये चुका कमी निघतील, निघाल्या जास्त! मग लक्षात आलं की चांगल्या टीममध्ये लोक चुका सांगतात म्हणून त्या कागदावर दिसतात, बाकीच्या ठिकाणी दाबल्या जातात. पुढे १९९९ मध्ये त्यांनी यावर पेपर लिहिला, असं न घाबरता चूक सांगता येण्याला मानसिक सुरक्षितता म्हणतात. २०१२ मध्ये गुगलने आपल्याच टीम्सचा अभ्यास सुरू केला, दीडशेच्या वर टीम्स तपासल्या, तिथेही हेच सगळ्यात वर आलं, टीममध्ये किती हुशार लोक आहेत यापेक्षा ते एकमेकांसमोर न घाबरता बोलू शकतात का. मला तर लिफाफाच आठवला.

तर आता काय करायचं. त्या मुलाला सगळ्यांसमोर बोललीस नं, मग सॉरीपण सगळ्यांसमोरच म्हण. रिपोर्ट चुकला ते चुकलाच, ते सोडू नको, पण ते त्याच्याशी एकट्याने बोल. आणि त्याच मीटिंगमध्ये शुक्रवारच्या तारखेचं कबूल कर, की मी तुम्हाला न विचारता तारीख दिली, पुढच्या वेळी आधी तुम्हाला विचारेन. आणि मग खरंच विचार, नाही तर कबूल केल्याचं आणखी वाईट होईल.

मीटिंगमध्ये तू सगळ्यात शेवटी बोल. आत्ता काय होत असेल, तू आधी मत सांगतेस आणि मग विचारतेस कोणाला काही म्हणायचंय का, आता साहेबाचं मत ऐकल्यावर कोण म्हणेल मला पटत नाही म्हणून? सगळ्यात नवीन जो असेल त्याच्यापासून सुरू कर. "काही प्रॉब्लेम आहे का" असं विचारू नको, त्याचं उत्तर नाहीच येतं, "या कामात कुठे अडकू शकतो, एक जागा सांगा" असं विचार. मग गप्प बस. ती शांतता फार लांब वाटते, तरी बस.

आणि कोणी वाईट बातमी घेऊन आलं की तोंडातून पहिलं वाक्य निघायला हवं "बरं झालं लवकर सांगितलंस". मग आता काय करायचं. का झालं, कसं झालं ते दुसऱ्या दिवशी, डोकं थंड झाल्यावर. पहिल्यांदा जो सांगायला येईल त्याच्याशी तू कशी वागतेस हे बाकीचे सात जण बघत असतात, आणि त्या दिवशी तुझा चेहरा उतरला तर परत सहा महिने कोणी येणार नाही.

रात्री अकराचे मेसेज बंद कर. सुचलं तर लिहून ठेव, सकाळी पाठव. वरचं प्रेशर मला कळतं, पण ते जसंच्या तसं खाली ओतायचं नसतं, थोडं वर नाही म्हणायला पण शिकावं लागेल.

तुझ्या टीममधले हे वाचत असतील तर त्यांनाही सांगते. बाबांनो, दोन दिवस तुम्ही ग्रुपवर बोललात, त्यातला एक मेसेज मॅडमना गेला असता तर तुमच्या मित्राला एवढं ऐकून घ्यावं लागलं नसतं. त्याला एकट्याला जायची भीती वाटत होती तर एकाने सोबत जायचं होतं. आणि टीममध्ये जो सगळ्यात जुना आहे त्याचं काम आहे हे, नव्या पोराला "गप बस, काही होत नाही" हे शिकवणं त्याचं काम नाही.

खिंडसीला जा, नक्की जा, बोटिंग करा, मी काही पिकनिकच्या विरोधात नाही. पण वरचं सगळं झाल्यावर जा. आत्ता गेलात तर एका बोटीत तू आणि दुसऱ्या बोटीत ते सगळे असतील.

माझी ती मुलगी? मी तिची माफी मागितली तेव्हा ती नुसतं "नाही मॅडम, ठीक आहे" म्हणाली. पाच-सहा महिन्यांनी एका संध्याकाळी स्वतःहून माझ्या टेबलाशी आली, मॅडम, पाचशे शॉर्ट आहेत. मी उठले, दफ्तरी आला, आम्ही तिघांनी सगळी बंडलं परत मोजली, शंभरच्या बंडलात एक पाचशेची नोट जास्तीची अडकलेली निघाली.

त्या मुलाशी बोलताना केबिनमध्ये बोलावू नको, तिथेच तो अर्धा घाबरेल. कँटीनमध्ये चहा घ्या आणि तू आधी बोल. काय झालं ते मला कळव.