आय-सेव्हनच्या पुढचा आकडा विचारा

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शिकवण्या घेऊन साठ हजार रुपये साठवले असून त्यात मॉनिटरसह पहिला गेमिंग संगणक बसवायचा आहे. सीताबर्डीवरच्या एका दुकानाने पुढीलप्रमाणे कोटेशन दिले आहे : 'आय-सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५१२ जीबी एसएसडी, रंगीत दिव्यांचे गेमिंग कॅबिनेट एसएमपीएससह, २२ इंची मॉनिटर, एकूण अडतीस हजार.' मी मुख्यतः व्हॅलरंट आणि जीटीए-५ खेळतो. पुढे नवे गेमही खेळायचे आहेत. उरलेल्या बावीस हजारांत आणखी काय घ्यावे?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : उरलेल्या पैशांकडे वळण्याआधी त्या कागदावर काय लिहायचे राहिले आहे ते पाहू. 'आय-सेव्हन' हे इंटेलच्या एका घराण्याचे नाव आहे आणि ते २००८ पासून चालत आले आहे. प्रोसेसर कोणत्या काळातला हे त्यापुढच्या आकड्यावरून कळते, आणि नेमका तोच तुमच्या कोटेशनमध्ये नाही. या किमतीत सहसा आय७-३७७० किंवा आय७-४७७० मिळतो. पहिला २०१२ चा, दुसरा २०१३ चा, आणि दोन्ही बहुधा कार्यालयांनी मोडीत काढलेल्या संगणकांतून आलेले असतात. त्यांत चार कोअर (प्रत्यक्ष काम करणारे गाभे) आणि आठ थ्रेड (एका वेळी हाताळता येणारे कामाचे धागे) असतात. २०२२ साली आलेल्या आय३-१२१००एफ या साध्या प्रोसेसरमध्येही तेवढेच असतात, परंतु त्याचा प्रत्येक कोअर तेवढ्याच वेळात कितीतरी अधिक काम उरकतो, त्यामुळे नावाने धाकटा असलेला हा प्रोसेसर गेममध्ये त्या जुन्या थोरल्याला सहज मागे टाकतो. शिवाय विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालते, विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आहेत, आणि विंडोज ११ वर व्हॅलरंट टीपीएम २.० व सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी मागतो, ज्या दोन्ही इतक्या जुन्या संगणकात सहसा मिळत नाहीत. म्हणजे जो गेम तुम्ही रोज खेळता, त्याच्यापाशीच हा आय-सेव्हन अडेल.

'४ जीबी ग्राफिक्स कार्ड' हा दुसरा मोघम शब्दप्रयोग. अशा कोटेशनमागे पुष्कळदा २०१४ साली आलेले जीटी ७३० असते. कार्डावरची मेमरी किती, यावरून कार्डाची ताकद ठरत नाही. इतवारीत एखादे गोदाम ऐसपैस असते, पण त्याच्यासमोरची गल्ली इतकी चिंचोळी असते की एका वेळी एकच हातगाडी जाते; जीटी ७३० ची अवस्था तशीच आहे, मेमरी मोठी पण तिच्याकडे जाणारी वाट अरुंद. दुकानदार लबाडच असेल असे मला म्हणायचे नाही. 'आय-सेव्हन आहे का, किती जीबीचे कार्ड आहे' एवढेच विचारणारे गिऱ्हाईक दिवसभर येत असेल, तर तोही तेवढेच लिहून देणार. तुम्ही त्याच्याकडून प्रत्येक भागाचे पूर्ण मॉडेल लिहून मागा. जो देणार नाही त्याच्याकडून घेऊ नका.

आता तुमच्या साठ हजारांचे. भाव सारखे हलतात, म्हणून रुपयांऐवजी वाटे सांगतो. सुमारे एक तृतीयांश रक्कम एकट्या ग्राफिक्स कार्डासाठी बाजूला काढा. १९२० गुणिले १०८० च्या पडद्यावर दर चित्राला सुमारे २०.७ लाख बिंदू रंगवावे लागतात, आणि त्यासाठी रेडिऑन आरएक्स ६६०० हे ८ जीबीचे कार्ड आजही माझ्या पहिल्या पसंतीचे आहे. ते १३२ वॅटच्या आसपास वीज घेते, त्यामुळे मोठ्या एसएमपीएसचा, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याचा, खर्चही वाचतो. आरटीएक्स ३०५० घ्यायचे मनात असेल, तर एक खोच लक्षात ठेवा : या एकाच नावाने ८ जीबीचे आणि ६ जीबीचे अशी दोन कार्डे विकली जातात, आणि ६ जीबीच्या कार्डात केवळ मेमरीच नव्हे, तर प्रक्रिया करणारे कोअरही कमी आहेत, २५६० ऐवजी २३०४.

प्रोसेसरसाठी फार झोपमोड करू नका. रायझेन ५ ५६०० किंवा आय५-१२४००एफ, यांपैकी ज्याची मदरबोर्डसह (सगळे भाग जोडणाऱ्या मुख्य पाटीसह) जोडी स्वस्त पडेल ती घ्या; दोन्हींत सहा कोअर आहेत. फारच ओढाताण झाली तर वर सांगितलेला आय३ चालेल, कारण मदरबोर्डवरच्या ज्या एलजीए१७०० खाचेत (सॉकेटमध्ये) तो बसतो, तिच्यात पुढे इंटेलचे चौदाव्या पिढीपर्यंतचे प्रोसेसर बसू शकतात. दुकानात तुम्हाला रायझेन ५ ५६००जी सुचवला जाईल. ग्राफिक्स कार्ड वर्षभराने घेणाऱ्यासाठी तो सोयीचा आहे, कारण त्याच्या पोटातच ग्राफिक्स असते. पण पहिल्या दिवसापासून वेगळे कार्ड लावणाऱ्याने तो घेऊ नये. त्याची एल-३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी, ५६०० च्या निम्मी, म्हणजे ३२ ऐवजी १६ एमबी आहे.

रॅम ८ जीबीच्या दोन पट्ट्यांत घ्या, १६ जीबीची एकच पट्टी नको, कारण दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला दोन्ही वाटांनी माहिती मिळते. मदरबोर्डवर चार स्लॉट असतील, तर प्रोसेसरकडून मोजून बहुधा दुसरा आणि चौथा वापरायचा असतो. मेमरीचे भाव २०२५ च्या अखेरीस झपाट्याने चढले, त्यामुळे दुकानदार एका पट्टीवर भागवायला सांगेल. त्याऐवजी गेम व फायली साठवणारी एसएसडी १ टीबीऐवजी ५०० जीबीची घेतलेली परवडते, कारण ती पुढे वाढवता येते.

एसएमपीएसविषयी मात्र मी हट्टी आहे. माझ्या पहिल्या संगणकात कॅबिनेटबरोबर फुकट आलेला एसएमपीएस होता. एका संध्याकाळी वीज गेली आणि लगेच आली, तेव्हा तो फट् आवाज करून गेला आणि जाताना मदरबोर्डही घेऊन गेला. हातात घेतल्यावर तो रिकाम्या डब्यासारखा हलका लागला होता, हे मला नंतर आठवले. अशा डब्यांवर छापलेल्या ४५० वॅटवर विश्वास ठेवू नका; बाजूच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहा आणि त्याला १२ ने गुणा. उत्तर छापील वॅटच्या जवळपास आले पाहिजे. नावाजलेल्या कंपनीचा, काही वर्षांच्या वॉरंटीचा ५५० वॅटचा एसएमपीएस तुम्हाला पुरेसा आहे. '८० प्लस ब्राँझ' हा शिक्का विजेच्या बचतीचा आहे, टिकाऊपणाची हमी त्यातून मिळत नाही. संगणक ज्याला लावणार त्या भिंतीवरच्या सॉकेटला अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून आधी तपासून घ्या.

मॉनिटर १०० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला शंभर चित्रे दाखवणारा, घेतलात, तर विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन तो आकडा स्वतः निवडावा लागतो, आणि मॉनिटरची केबल मदरबोर्डला न लावता ग्राफिक्स कार्डाला लावायची असते. हे सांगायची गरज नाही असे वाटेल, पण वीस हजारांचे कार्ड आत निवांत झोपलेले मी अनेकांच्या घरी पाहिले आहे.

प्रश्न : दिवाळीत मुलाला गेमिंग संगणक घेऊन दिला. एप्रिल लागल्यापासून दुपारी गेम अडखळतो, रात्री नीट चालतो. दुकानदार ग्राफिक्स कार्ड बदलायला सांगतो. तूर्त आम्ही संगणक कूलरच्या झोतात ठेवला आहे. हे योग्य आहे का?
– एक वाचक, नंदनवन

उत्तर : कार्ड बदलू नका, आणि संगणक आजच कूलरसमोरून हलवा. पंखे कितीही लावले तरी आतले भाग खोलीच्या हवेपेक्षा थंड होत नाहीत. दिवाळीत खोलीत २५ अंश असेल आणि आता दुपारी ४०, तर तेवढ्याच कामाला आतले तापमानही साधारण पंधरा अंशांनी वर जाते. मग जळू नये म्हणून प्रोसेसर आणि कार्ड स्वतःच आपला वेग कमी करतात, आणि तुमच्या मुलाला तेच अडखळणे म्हणून दिसते. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा आपल्याला सुखाची, पण ती दमट असते आणि तिच्याबरोबर पाण्याचे बारीक तुषार व क्षार येतात. आतल्या धुळीला ओल लागली की तिचा थर घट्ट बसतो.

दुपारी गेम चालू करण्यापूर्वी संगणक बंद करून कॅबिनेटची बाजूची झडप काढा आणि अर्धा तास खेळून पाहा. अडखळणे थांबले, तर दोष कॅबिनेटचा आहे. पुढून सलग काच असलेली कॅबिनेटे शोभिवंत दिसतात, पण त्यांच्या पंख्यांना हवा ओढायला जागाच नसते. पुढून जाळीचे कॅबिनेट, पुढे हवा आत घेणारे दोन पंखे आणि मागे बाहेर टाकणारा एक, एवढ्यावर नागपूरचा मे महिना निभावतो. झडप काढूनही फरक पडला नाही, तर प्लग काढून ब्लोअरने धूळ उडवा. त्या वेळी पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा, नाहीतर हवेच्या जोराने ते भलत्याच वेगाने फिरून त्याचे बेअरिंग खराब होते.