पालकांचे प्रश्न : मुलाला आयकिदो शिकवावा का?

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षांचा असून स्वभावाने बुजरा आहे. शाळेच्या बसमध्ये मोठी मुले त्याला ढकलतात, दप्तर ओढतात आणि तो निमूटपणे सहन करतो. आमच्या ले-आउटजवळ कराटे आणि तायक्वांदोचे वर्ग आहेत. परंतु त्याला ठोसे आणि लाथा शिकवाव्यात असे आम्हा दोघांनाही वाटत नाही. एका परिचितांनी आयकिदो सुचवला आहे. या वयाला तो योग्य आहे का, आणि वर्ग निवडताना काय पाहावे?
— एक वाचक, मनीषनगर, नागपूर

उत्तर : बसमधील त्रास आणि आयकिदोचा वर्ग हे दोन विषय आपण वेगळे ठेवावेत, अशी माझी पहिली विनंती आहे. बसमध्ये जे चालले आहे ते वर्गशिक्षिकांच्या आणि बसमधील मदतनीसांच्या कानावर याच आठवड्यात घालावे. कोणतीही युद्धकला सात वर्षांच्या मुलाला चार-सहा महिन्यांत मोठ्या मुलांशी सामना करण्याजोगे करीत नाही, आणि मोठ्यांनी थांबवायची गोष्ट थांबवण्याचा भार त्याच्यावर टाकणे न्यायाचे नाही. ‘तीन महिन्यांत स्वसंरक्षण’ अशी पाटी जेथे दिसेल तेथून परत फिरावे.

आता आयकिदोविषयी. जपानमधील मोरिहेई उएशिबा (1883–1969) यांनी दाइतो-र्यू या जुजुत्सूच्या (पकड आणि फेकीच्या जपानी युद्धकलेच्या) जुन्या परंपरेचे शिक्षण घेऊन त्यातून ही कला घडवली आणि 1942 पासून ती या नावाने ओळखली जाऊ लागली. अंगावर येणाऱ्याचा जोर अडवण्याऐवजी त्याच्या बाजूला सरकायचे, त्याच्याच दिशेने वळायचे, त्याचा तोल घालवायचा आणि त्याला खाली उतरवून धरून ठेवायचे, असा तिचा गाभा आहे. केन्जी तोमिकी यांची शाखा सोडल्यास बहुतेक शाखांमध्ये स्पर्धा नसतात. दोन मुले आळीपाळीने हल्ला करणाऱ्याची आणि तंत्र करणाऱ्याची भूमिका घेतात. बुजऱ्या मुलाला हे मानवते, कारण चारचौघांत हरण्याची वेळ त्याच्यावर येत नाही. मात्र ज्या मुलाला चुरशीशिवाय चैन पडत नाही, ते येथे लवकर कंटाळते. त्याच्यासाठी ज्युदो किंवा कुस्ती बरी. पुढे शालेय स्पर्धा आणि क्रीडागुण हा हेतू असेल, तरीही ज्युदोच निवडावा.

माझ्या मते लहान मुलांना आयकिदोतून मिळणारी सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे पडण्याची विद्या, जिला तेथे ‘उकेमी’ म्हणतात. मूल अडखळले की ते उपजत प्रेरणेने हात ताठ पुढे करते आणि सगळा भार मनगटावर व कोपराखालच्या हाडांवर येतो. लहान मुलांचा हात मोडण्याचे हे अगदी नेहमीचे कारण आहे. उकेमीत ही सवय हळूहळू बदलली जाते. मागे पडताना गुडघे वाकवून टाचेजवळ बसायचे, पाठ गोल ठेवायची आणि हनुवटी छातीशी घ्यायची, म्हणजे डोके आपटत नाही. पुढे पडताना हाताची कड, दंड, खांदा आणि तेथून तिरपे विरुद्ध बाजूच्या कमरेपर्यंत, अशा क्रमाने शरीर जमिनीवरून गडगडत जाते. सायकलवरून पडताना किंवा शाळेच्या जिन्यावर पाय घसरताना हे शरीराला आपोआप आठवावे, इतका सराव व्हावा लागतो आणि त्याला महिने लागतात. ज्याला पडण्याची भीती उरत नाही, त्याला ढकलले जाण्याचीही पूर्वीइतकी भीती वाटत नाही, हा लाभ मात्र खरा आहे.

म्हणून सहा-सात वर्षे हे वय सुरुवातीला चांगले आहे, परंतु पहिले वर्ष कसे असावे याविषयी आपण आग्रही राहावे. कोलांट्या, पडणे, बाजूला सरकणे, वळणे आणि पकडीतून हात सोडवणे एवढे त्या वर्षाला पुरे. मनगट पिरगाळण्याची किंवा कोपर उलटे दाबण्याची तंत्रे या वयात जोर लावून करू नयेत. वाढत्या हाडांच्या टोकांशी असलेला मऊ भाग अस्थिबंधांपेक्षाही लवकर दुखावतो. गुडघ्यांवर चालण्याचा पारंपरिक सरावही थोडा आणि मऊ गादीवरच असावा.

आपल्या शहरात कराटे आणि तायक्वांदोच्या तुलनेत आयकिदो शिकवणारे कमी आहेत, त्यामुळे मिळेल तो वर्ग गाठण्याचा मोह होतो. त्याआधी एक पूर्ण तास तेथे बसून पाहावे. पालकांना बसू देत नसतील, तर विषय तेथेच संपला. फरशीवर सतरंजी अंथरून पडण्याचा सराव चालत असेल तर नको. फटी न राहणारी, घट्ट मॅट हवी. शिक्षकांना त्यांची दान श्रेणी (काळ्या पट्ट्याची पातळी) कोणत्या संस्थेकडून मिळाली, हे सरळ विचारावे. चांगल्या शिक्षकांना या प्रश्नाचा राग येत नाही. रडणाऱ्या किंवा घाबरलेल्या मुलाशी ते कसे वागतात, हे श्रेणीपेक्षाही बारकाईने पाहावे. एप्रिल-मे महिन्यांतील आपला उन्हाळा लक्षात घेता पत्र्याच्या शेडमधील दुपारचा वर्ग टाळून सकाळचा घ्यावा. पोशाखाची घाई नको. पहिला महिना टी-शर्ट आणि ट्रॅक पँट चालते, आणि नंतरही ज्युदोच्या जाड पोशाखापेक्षा कराटेचा पातळ पोशाख नागपुरात सोसवतो.

प्रश्न : माझ्या दहा वर्षांच्या नातीला तिचे आईवडील आयकिदोला घालणार आहेत. आपल्याकडे मल्लखांब आणि लाठी असताना परदेशी विद्या कशाला?
— एक आजोबा, महाल, नागपूर

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे. मल्लखांब पकड, खांदे आणि पाठ ज्या रीतीने घडवतो, तसे आयकिदोच्या वर्गात घडत नाही, आणि घराजवळ मुलींना मनापासून शिकवणारा आखाडा असेल तर तोच आधी पाहावा. मात्र समोरच्या माणसाच्या जोराशी कसे वागायचे, हे खांब शिकवू शकत नाही. लाठीचे म्हणाल, तर आयकिदोतही लाकडी काठीचा सराव असतो आणि लाठी फिरवलेल्या मुलीला तो सोपा जाईल. नातीला दोन्ही ठिकाणी एकेकदा नेऊन तिला विचारावे.

प्रश्न : वर्ग दूर आहे. व्हिडिओ पाहून घरीच शिकवता येईल का?
— एक वाचक, हिंगणा रस्ता, नागपूर

उत्तर : नाही. कापसाच्या गादीवर पाठ गोल करून, हनुवटी छातीशी धरून मागेपुढे झुलणे एवढेच घरी करून घ्यावे. पुढची कोलांटी आणि जोडीतले कोणतेही तंत्र शिक्षकांच्या नजरेखालीच व्हावे. आठवड्यातून एकदा जाणे जमत असेल, तर तेवढेही चालेल.